सोडण्याचा खर्च

भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दहीहंडीच्या सगळ्यात खालच्या थरातला माणूस काहीच काम करत नाही. बल भरपूर, पण विस्थापन शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. हे समीकरण फळ्यावर आलं की लालबाग-परळच्या पोरांपैकी एखादा तरी विचारतोच, मग आमचे खांदे का भरून येतात? प्रश्न फिजिक्सच्या तासाला उठतो आणि उत्तर मागायला माझ्याकडे, बायॉलॉजीच्या तासाला येतो. मला तो फार आवडतो. स्नायूंचं प्रकरण मी कुठूनही शिकवायला घेतलं तरी मला स्वतःला त्यात जे खरं कोडं वाटतं ते हेच आहे: जागच्या जागी उभं राहायला इतकं काय लागतं?

आमच्या चाळीच्या चौकात गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो. रात्री दहानंतर, माणसं कामावरून येऊन जेवली की. सगळ्यांचं लक्ष वरच्या थरांवर, मोबाइलवर शूटिंगही त्यांचंच. माझी गॅलरी पहिल्या मजल्यावर, त्यामुळे चौथा थर अगदी समोर येतो, पण मी वाकून खाली बघते. खाली जाडजूड काकामंडळी. कुणी बेस्टमध्ये, कुणी बँकेत शिपाई, एक केबलवाला. एकमेकांच्या खांद्यांवर हात अडकवून, माना खाली घालून गोल धरलेला. हंडीच्या दिवशीही त्यांना हंडी दिसत नाही. थर चढायला लागले की सुरुवातीला यांच्यात काहीच घडत नाही. मग कुणाची तरी मांडी थरथरायला लागते, मग शेजारच्याची. वरच्या पोराने सलामी दिली की टाळ्या पडतात, माझी नजर तोवर मांड्यांवरच असते. शेजारच्या वहिनींना हे विचित्र वाटतं. वाटू दे.

त्या मांडीच्या आत काय चाललंय ते बघायचं तर रविवारी शिजवलेल्या चिकनचा छातीचा तुकडा बोटांनी सोडवून पाहावा. उभ्या रेषा सुटतात, सगळ्या एकाच दिशेने. या स्नायुतंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीभोवती पातळ पापुद्रा, सगळ्या जुड्यांना मिळून आणखी एक जाडसर पापुद्रा, आणि टोकाशी हे सगळे पापुद्रे एकत्र होऊन कंडरा बनते, ती हाडाला धरते. शाकाहारी वाचकांनी माफ करावं, याहून स्वस्त प्रयोगशाळा मला माहीत नाही.

जुडी आणखी सोडवली तर शेवटी एकटा तंतू हाती लागतो. जाडीला केसाएवढा किंवा त्याहून बारीक, लांबीला मात्र कित्येक सेंटिमीटर. ही एक पेशी आहे. पेशी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे कांद्याच्या पापुद्र्यातली चौकट येते, आत एक ठिपका. इथे एकाच पेशीत शेकडो केंद्रकं असतात, कारण गर्भात कितीतरी छोट्या पेशी एकमेकींत मिसळून हा एकेक तंतू घडलेला असतो. तंतूच्या आत त्याहून बारीक तंतुक, शेकड्या-हजारांनी भरलेले. आणि प्रत्येक तंतुक म्हणजे सार्कोमिअर नावाच्या खणांची लांबच लांब रांग. एक खण २ ते २.५ मायक्रोमीटरचा, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ४,००० ते ५,००० खण, एकामागे एक. दंडाची बेटकुळी असो की पोटरी, सगळी करामत या खणात चालते, बाकी नुसती बेरीज.

खणाच्या दोन्ही टोकांना भिंत असते. भिंतींतून आत येतात ते बारीक धागे ॲक्टिनचे. मधोमध, भिंतींपासून सुटे, जाड धागे मायोसिनचे. दोन्ही प्रथिनं. जाड धाग्याला मध्यावर राखणारं तिसरं प्रथिन टिटिन, ताणलं तर परत येणारं, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं. ३४,००० हून अधिक अमिनो आम्लांचं हे प्रकरण आहे. त्याचं पूर्ण रासायनिक नाव इंग्रजीत लिहायचं तर १,८९,८१९ अक्षरं होतात. हे परीक्षेला येणार नाही असं सांगितल्याशिवाय वर्ग शांत होत नाही.

जाड आणि बारीक धागे काही भागात एकमेकांत शिरलेले आणि काही भागात एकेकटे असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली गडद-फिके पट्टे दिसतात. डच सूक्ष्मदर्शकवाल्या लेव्हेनहूकने ते १६८२ मध्येच पाहून ठेवले होते. त्यांचा अर्थ लागायला पावणेतीनशे वर्षं गेली. तोवर बहुतेकांची समजूत अशी की स्नायू आखडतो तेव्हा आतले प्रथिनांचे धागेच दुमडून आखूड होतात. समजूत इतकी साहजिक की शंका यायचं कारणच नाही. २२ मे १९५४ च्या ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात दोन लेख लागोपाठ छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्सली एकमेकांचे कुणीही लागत नव्हते. अँड्र्यू केंब्रिजला, बेडकाच्या जिवंत तंतूंवर, स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाने. ह्यू आणि जीन अमेरिकेत एमआयटीत, सशाच्या स्नायूतून वेगळ्या काढलेल्या तंतुकांवर. दिसलं दोन्हीकडे एकच. गडद पट्टा, म्हणजे मायोसिनच्या धाग्याची लांबी, स्नायू आखडला तरी तेवढीच राहते. कमी होतो तो फिका पट्टा. बारीक धागे दोन्ही बाजूंनी जाड धाग्यांमध्ये आणखी आत सरकतात आणि त्यांच्यामागून भिंती ओढल्या जातात. बेटकुळी टरारून फुगते तेव्हा आतला एकही धागा आखूड झालेला नसतो.

यातला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, हे एकोणिसाव्या शतकात काहींनी पाहिलं होतं, लिहूनही ठेवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी ते बाजूला सारलं आणि चक्क विसरल्या. अँड्र्यू हक्सलीने नंतर या विसरण्याबद्दलही लिहिलं.

धागे सरकवतं कोण, तर मायोसिनची डोकी. एका जाड धाग्यात सुमारे ३०० रेणू आणि प्रत्येकाला बाहेर आलेली दोन डोकी. डोकं शेजारचा ॲक्टिन पकडतं, मध्याकडे मान टाकतं, धागा फार तर १० नॅनोमीटर ओढला जातो. मग डोकं सुटतं, मान पुन्हा ताठ करतं, पुढची जागा पकडतं. वरळीच्या कोळीवाड्यात होडी वर घेताना दोर हातावर हात टाकत ओढतात, तसं हे आहे. सगळ्यांनी एकदम हात सोडले तर होडी परत पाण्यात, म्हणून काही हात धरलेले आणि काही पुढची पकड शोधणारे. फरक एवढाच की इथे ताल देणारं कुणी नाही. प्रत्येक डोकं आपापल्या घाईने पकडतं आणि सोडतं.

पकडायची परवानगी मात्र कॅल्शियमकडून येते. स्नायू स्वस्थ असताना ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिनच्या पट्टीने झाकलेल्या असतात. मज्जातंतूतून संदेश आला की त्याच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, तंतूच्या पृष्ठभागावरून विजेची लाट धावते, बारीक नळ्यांतून खोल आत उतरते, आणि आतल्या पिशव्या कॅल्शियम सोडतात. ते पट्टीला धरून असलेल्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, ट्रोपोनिन पट्टी बाजूला सारतं. छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत नेलेल्या माणसाच्या रक्तात जे ट्रोपोनिन तपासतात, ते हृदयाच्या स्नायूतलं याचंच भावंड; तिथल्या पेशी मेल्या की ते रक्तात येतं. आणि कॅल्शियमचं हे महत्त्व पहिल्यांदा कळलं कशामुळे? लंडनच्या नळाच्या पाण्यामुळे. १८८० च्या सुमारास तिथला डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचा. ऊर्ध्वपातित पाण्यात तेच मीठ घातलं तर हृदय बंद पडे. नळाच्या पाण्यातला चुना इतके दिवस गुपचूप काम करत होता.

आता ऊर्जेकडे येऊ. पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू म्हणजे एटीपी. वर्गात विचारलं की या सगळ्या चक्रात एटीपी कुठे लागतो, तर अख्खा वर्ग एका सुरात सांगतो, ओढताना. सांगणारच, आपला अनुभवच तसा आहे. पण एटीपीचा रेणू डोक्यावर येऊन बसतो तेव्हा पहिली गोष्ट होते ती पकड सुटण्याची. सुटल्यावर एटीपी फुटतो आणि त्यातून मान ताणून सज्ज होते. पुढचा झटका त्या साठलेल्या ताणातला. म्हणजे एटीपी संपला तर ओढणं दूरच, आधी सोडणंच थांबतं. शिवाय संदेश थांबल्यावर सांडलेलं कॅल्शियम पिशव्यांत परत भरायचं तर तेही उताराने आपोआप जात नाही, पंप चालवावा लागतो आणि पंपालाही एटीपीच हवा. सैल पडण्याचा खर्च असा दोन ठिकाणी होतो.

पुरावा प्रत्येक घराने पाहिलेला आहे. माणूस गेला की घरातली जाणती बाई रडणं बाजूला ठेवून आधी डोळे मिटवते, हनुवटी बांधते, हातपाय सरळ करते. अंग ताठायच्या आत करा, म्हणते. श्वास थांबला की एटीपी बनणं थांबतं, पिशव्यांतलं कॅल्शियम झिरपत राहतं, डोकी पकड घेतात आणि ती सोडवायला काही उरलेलं नसतं. काही तासांत अंग ताठ होतं, उकाड्यात आणखी लवकर. दीड-दोन दिवसांनी प्रथिनंच मोडायला लागली की ते आपलं आपण सैल पडतं. हे शिकवताना एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे मॅडम, सोडणंच अवघड असतं तर!’ आवाजाचा मालक तेव्हा प्रेमभंगात होता, हे मला इतर मुलांकडून कळलेलं होतं. मी पुढच्या आकृतीकडे वळले. याचं अध्यात्म करायला बसलं की जीवशास्त्र संपतं.

एटीपीचा शोध लागला १९२९ मध्ये, जर्मनीत कार्ल लोमान आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव, दोन्हीकडे स्वतंत्रपणे. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच्या दोन वर्षं आधी याच जोडीने स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं होतं. स्नायूत एटीपीची शिल्लक जेमतेम दोन-तीन सेकंदांची असते. ती लगेच भरून काढणारी गंगाजळी म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, आणि तीही जोर लावला तर दहाएक सेकंदांत आटते. पुढे साखर जाळून, मग प्राणवायूच्या मदतीने कारभार चालतो. आमच्या गल्लीतल्या जिममध्ये क्रिएटिनचे डबे ओळीने मांडलेले असतात, भिंतीवर परदेशी पहिलवानांचे फोटो. सुब्बारावांचा एखादा फोटो तिथे शोभला असता.

तर खालच्या थरातले काका. त्यांचे खण आखूड होत नाहीत, गुडघा जागचा हलत नाही. पण डोकी थांबलेली नाहीत. पकड, किंचित ओढ, सुटका, पुन्हा पकड. धागा पुढे जात नाही कारण वरून तेवढंच वजन त्याला मागे खेचतंय. प्रत्येक फेरीला एक एटीपी जातोच. बाहेर काम शून्य, त्यामुळे सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते. ए. व्ही. हिल या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बेडकाच्या स्नायूतली अशी सूक्ष्म उष्णता मोजली आणि त्याला १९२२ चं नोबेल मिळालं. विरार लोकलमध्ये दांडा धरून लटकणाऱ्याला हे सांगायला नको. त्याचा दंड इंचभरही हलत नाही आणि शर्ट मात्र ओला.

आणि थरथर? एका मज्जापेशीच्या ताब्यात तंतूंचा एक गट असतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत गटात दहाच्या आसपास तंतू, पोटरीत हजाराहून जास्त. धरून ठेवताना हे गट एकाच क्षणी झटका देत नाहीत, मागेपुढे देतात, म्हणून एकूण ओढ सलग वाटते. आधी छोटे, चिवट गट कामाला लागतात. ते दमायला लागले की मेंदू मोठ्या गटांना बोलावतो. त्यांचा झटका मोठा, दमही लवकर लागणारा, आणि थकव्यात झटके एकमेकांवर पडायला लागतात. मग सलगपणा मोडतो आणि काकांची मांडी पहिल्या मजल्यावरून दिसेल इतकी हलते.

थर लावण्यापेक्षा उतरवणं नाजूक, हे पथकातला कुणीही सांगेल. ओझ्याचं तसंच आहे. डबेवाले डब्यांची लांब पाटी डोक्यावरून खाली घेतात ते पाहण्यासारखं असतं: गुडघे सावकाश वाकतात, पाटी आदळत नाही. इथे स्नायू ओढतोय आणि तरी लांब होतोय. सह्याद्रीत जाणाऱ्या मुंबईकरांना या प्रकाराची किंमत ठाऊक आहे. चढताना छाती भरते, पण मांड्या धरतात त्या उतरल्यावर, आणि त्याही सोमवारी, ऑफिसच्या जिन्यात.

यावर एक प्रयोग आहे, फार मजेदार. १९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पॅडल मारायचं, दुसऱ्याचे पाय त्यामुळे उलटे फिरणार आणि त्याने ते फिरणं अडवायचं. बल दोघांचं सारखं, वेगही सारखा. प्राणवायू मोजला तर पॅडल मारणाऱ्याला कितीतरी जास्त लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा एका सडपातळ तरुणीने फारसे कष्ट न घेता एका दांडग्या तरुणाला दमवून टाकलं, आणि जमलेल्यांची छान करमणूक झाली, असं हिलनेच पुढे लिहून ठेवलंय. कारण असं की ताणल्या जाणाऱ्या स्नायूत पकडलेली बरीच डोकी एटीपीची वाट न बघता ओढूनच सोडवली जातात. सोडण्याचा खर्च वाचतो. टिटिनही ताणून आपला भार उचलतं. थोड्याच तंतूंवर जास्त ओढ, म्हणून स्वस्तात काम. पण म्हणूनच काही खण प्रमाणाबाहेर ताणले जातात, धाग्यांची रचना विस्कटते, आणि दुरुस्ती सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी दुखणं वर येतं. जिममधले ट्रेनर याला अजून लॅक्टिक ॲसिड म्हणतात. लॅक्टेट तासाभरात रक्तातून निस्तरलेलं असतं; सोमवारच्या जिन्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मी आमच्या ट्रेनरला सांगितलं. तो आदराने ‘हो ताई’ म्हणाला आणि पुढच्या माणसाला लॅक्टिक ॲसिडच सांगितलं.

याचा उपयोग सध्या घरात चाललाय. आईचं वय झालं. वयानुसार स्नायू उतरतात, त्यातही झटक्याचं काम करणारे वेगवान तंतू आधी बारीक होतात, म्हणून तोल गेला तर सावरायला उशीर होतो. फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिला सांगितलंय की खुर्चीत धपकन बसायचं नाही, मनात पाच आकडे मोजत बसायचं. आईला हे पटेना. ‘उठणं हा व्यायाम समजू शकते गं, बसण्याचा कसला व्यायाम?’ मी तिला पाठीला पाठ लावलेल्या सायकली सांगितल्या, काढून दाखवल्या, कोण ढकलतंय आणि कोण अडवतंय ते बाणांनी. तिने चष्मा सावरून सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘बिगलँड म्हणजे बाई ना? पुढे काय झालं तिचं?’ ब्रेंडा बिगलँडने पुढे त्याच लेखातल्या मर्डोक रिचीशी लग्न केलं, बिगलँड-रिची या नावाने स्नायू दमतात कसे यावरच वर्षानुवर्षं संशोधन केलं आणि त्या विषयात मोठं नाव कमावलं. हे ऐकल्यावर आईला प्रयोग एकदम विश्वासार्ह वाटायला लागला. आता ती बसताना मोजते. तीनपर्यंत नीट, चार आणि पाच जरा भरभर.